जुनी गाडी घेतलीये? आधीच्या मालकाची जुगाडं कशी शोधायची आणि कुठून सुरुवात करायची

डॅशबोर्डच्या खाली, स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, घरातल्या पंख्याला असतं तसं पांढरं बटण लावलेलं होतं. गाडी दाखवताना आधीच्या मालकांनी सांगितलं की ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा वर चढायला लागला की हे दाबायचं, रेडिएटरचा फॅन चालू होतो, बाकी गाडीला काही म्हणजे काही नाही. मी मान डोलावली, व्यवहार केला आणि गाडी घरी आणली. मारुती ८००, १९९७ ची, कार्बोरेटरवाली, चार गिअरची, एमएच १५ म्हणजे नाशिकची. त्या एका बटणाच्या मागे चार वेगवेगळी जुगाडं एकावर एक रचलेली आहेत हे कळायला मला पुढचे सहा महिने लागले.

तुमची गाडी ८०० असो, झेन असो, ओम्नी असो नाहीतर जुनी जीप, पहिल्यांदाच वीस-पंचवीस वर्षं जुनी गाडी घेतली असेल तर हे तुमच्यासाठी आहे. एक गोष्ट आधीच सांगते कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. जुगाड दिसला की लगेच उपटायचा नाही. तो कोणीतरी कशासाठी तरी केलाय, त्याच्या खाली एक मूळ दुखणं आहे, ते सापडेपर्यंत जुगाड काढलात तर गाडी रस्त्यात उभी राहील आणि नवीन पार्ट टाकलात तर तोही थोड्या दिवसांत जाईल.

पायरी १ : पहिले पंधरा दिवस वही आणि पुठ्ठा

एक वही करा. गाडीत जे जे विचित्र दिसेल ते लिहा, मोबाईलवर फोटो काढा, आणि ब्रेक, पेट्रोल आणि चाकं सोडून कशालाही हात लावू नका. (ती तीन का सोडून ते पायरी ३ मध्ये.) विचित्र म्हणजे काय, तर बाकीच्या वायरींपेक्षा वेगळ्या रंगाची वायर, तीन नट सारखे आणि चौथा वेगळा, एम-सीलचा गोळा, बाइंडिंगच्या तारेने बांधलेला पाइप, मध्येच चकचकीत नवा पार्ट. चकचकीत नवा पार्ट पण लिहाच, तो का बदलावा लागला हा प्रश्न त्याच्यासोबत येतोच.

रात्री गाडीखाली टीव्हीच्या किंवा फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा सरकवायचा आणि त्यावर पुढची चाकं कुठे येतात ते पेनाने आखून ठेवायचं. सकाळी डाग बघायचे. काळा किंवा तपकिरी चिकट डाग म्हणजे ऑइल, हिरवा किंवा गंजाच्या रंगाचा पाणचट म्हणजे रेडिएटरचं पाणी, चाकाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळा बुळबुळीत डाग असेल तर ते ब्रेक ऑइल, आणि ते दिसलं तर त्या दिवशी गाडी काढायचीच नाही. पेट्रोलचा डाग उडून जातो पण वास राहतो, म्हणून सकाळी गाडीजवळ गेल्यावर आधी वास घ्या.

पायरी २ : आधीच्या मालकाला फोन करा, पण भांडायला नाही

लोक इथे चुकतात. फसवलं असं वाटून फोन करतात आणि समोरचा माणूस लगेच दार बंद करतो. मी फोन केला तेव्हा पहिलंच वाक्य हे बोलले की काका, गाडी छान आहे, मला ती नीट ठेवायचीये, फक्त ते बटण कधी बसवलं तेवढं सांगाल का. मग काका वीस मिनिटं बोलले. मुंबईहून येताना इगतपुरीच्या अलीकडे गाडी तापली, रात्र होती, सोबत लहान मुलं होती, रस्त्याकडेच्या एका माणसाने फॅनला डायरेक्ट वायर जोडून दिली आणि गाडी नाशिकला पोचली. मग ते तसंच राहिलं. "अगं चालत होती ना, मग कशाला खोलायची" असं म्हणाले. त्या रात्री त्या माणसाने केलं ते बरोबरच होतं असं मला अजून वाटतं, चूक झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी गॅरेजला न नेण्यात.

फोनवर चार गोष्टी नक्की विचारा. गाडी कधी कुठे बंद पडली होती, कुठून ठोकली होती, गॅसकिट कधी होतं का, आणि टायमिंग बेल्ट कधी बदलला. बेल्टचं बिल नसेल तर बदललाच नाही असं धरायचं आणि बदलून टाकायचा.

पायरी ३ : जिवाशी खेळणारं आधी

ब्रेक, पेट्रोल, चाकं. गाडी दिसायला कशीही असू दे, एसी नसू दे, आधी हे तीन.

खाली शिरायच्या आधीची गोष्ट, स्टेपनी बदलायच्या जॅकवर गाडी उचलून खाली कधीच जायचं नाही. घोडी (गाडीला खालून टेकू देणारा लोखंडी स्टँड) लावायची, दोन्ही बाजूला, सपाट जमिनीवर, आणि जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून मागून दगड. विटा लावू नका, वीट वजनाखाली अचानक फुटते. घोडी नसेल तर गॅरेजमध्ये रॅम्पवर गाडी घ्यायला सांगा आणि स्वतः खाली उभं राहून बघा, कोणी नाही म्हणत नाही.

माझ्या गाडीचं मागचं डावं चाक काढलं, ड्रम काढला, आत सगळं कोरडं ठणठणीत, बरं वाटलं. मग चाकाकडे येणारी ब्रेकची लोखंडी पाइप दिसली. ती चपटी करून, दोनदा दुमडून, हातोडीने ठोकून बंद केलेली होती. म्हणजे कधीतरी त्या चाकाचा व्हील सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने ब्रेक शू ढकलणारा पार्ट, गळत होता, तो बदलण्याऐवजी त्या चाकाचं ऑइलच बंद करून टाकलं, आणि गाडी वर्षानुवर्षं तीन चाकांच्या ब्रेकवर पळत होती. मी तोपर्यंत त्याच गाडीने आईला घेऊन वणीचा गड चढून उतरून आले होते. हे लिहिताना अजून अंगावर काटा येतो, आणि व्हील सिलिंडर हा काही महागाचा पार्ट नाही हो, काहीशे रुपयांत येतो.

म्हणून चारही चाकांकडे जाणारी पाइप सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्यांनी आणि हाताने तपासा. कुठे दुमड आहे का, गंजून फुगलीये का, रबरी होजला चिरा आहेत का. ड्रममधली धूळ फुंकू नका आणि हवा मारू नका, जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा. चाकात ऑइल जातंय का हे बघायचं तर ब्रेक शू दोन्ही बाजूंचे सारखे झिजलेत का ते बघा, एका बाजूचे नव्यासारखे असतील तर तिथे ब्रेक लागतच नाहीये.

ब्रेक ऑइलचीही एक साधी परीक्षा आहे. काहीजण घाईत ब्रेकच्या डब्यात इंजिन ऑइल किंवा हाताला येईल ते तेल ओततात. डब्यातलं थोडं ऑइल ड्रॉपरने काढून काचेच्या ग्लासात पाण्यात टाका. खरं ब्रेक ऑइल, म्हणजे डॉट ३ किंवा डॉट ४, पाण्यात मिसळून जातं. तवंग वर तरंगला तर दुसरंच तेल आहे आणि मग मास्टर सिलिंडरपासून सगळी रबरं फुगलेली असणार, ती सगळी बदलावी लागतात, नुसतं ऑइल बदलून भागत नाही. ऑइल रंगावर सांडू देऊ नका, रंग खातं. आणि ब्रेक खोलले की ब्रेकच्या पाइपांत शिरलेली हवा काढायची, मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांब असलेल्या चाकापासून सुरुवात करून.

चाकाचे नट. प्रत्येक नट पान्याने नाही, आधी बोटांनी लावून बघा, शेवटपर्यंत बोटांनी गेला पाहिजे. मध्येच अडकला तर आटे खराब आहेत, आणि पान्याने जोर देऊन कसला की तो बसल्यासारखा वाटतो पण धरत नाही. असा स्टड बदलायचाच.

पेट्रोल. टाकीच्या खाली हात फिरवा, कपड्याचा साबण घासलेला असेल तर हाताला लागेल. बारीक गळती साबणाने थांबते हे खरं आहे, घरी पोचेपर्यंत. त्यानंतर टाकी उतरवून, रिकामी करून, धुऊन, टाकीचंच काम करणाऱ्याकडे द्यायची. गाडीवर असताना टाकीला वेल्डिंग कोणालाही करू देऊ नका, कितीही अनुभवी असला तरी. पाइपच्या जागी पारदर्शक प्लास्टिक नळी असेल तर ती इंजिनच्या उष्णतेने कडक होऊन तडकते, ती त्याच आठवड्यात काढायची. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्या काळातले रबरी पाइप आणि कार्बोरेटरचे वॉशर त्यासाठी बनलेले नव्हते, तेव्हा टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळे रबरी पाइप एकदाच, इथेनॉल चालणारे आणि चांगल्या दर्जाचे, नवीन क्लॅम्पसकट टाकून घ्या. दुकानदाराला इंजेक्शन गाडीचा पाइप द्या म्हणून सांगायचं.

पायरी ४ : वायरिंग

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो आणि सगळ्यात जास्त जुगाडं इथेच असतात. काम करायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. पहिली निगेटिव्ह काढायची आणि शेवटी तीच लावायची, उलटं केलं तर पाना बॉडीला टेकून ठिणगी पडते.

फ्यूजचा डबा उघडा. फ्यूजच्या रंगाला अर्थ असतो, लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेवढाच हवा. माझ्याकडे १५ च्या जागी ३० होता आणि एका जागी फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली होती. चांदी म्हणजे फ्यूज नाहीच, मग वायर हाच फ्यूज होतो आणि जळते ती डॅशबोर्डच्या आत. पण लगेच बरोबर फ्यूज टाकून मोकळं व्हायचं नाही, तो उडत का होता ते शोधायचं. माझ्याकडे हॉर्नची वायर बॉनेटच्या बिजागरीजवळ घासून उघडी पडली होती आणि बॉडीला टेकत होती.

हेडलाइटचे बल्ब काढून त्यावरचा आकडा वाचा. कंपनीचा ६०/५५ वॉटचा असतो. जास्त उजेडासाठी लोक १००/९० टाकतात आणि वायर, स्विच तेच ठेवतात. हिशेब सोपा आहे, ६० ला १२ ने भागलं की एका बल्बला ५ अँपिअर, दोन्हीचे १०. १०० वॉटचे दोन म्हणजे साडेसोळाच्या वर. हे सगळं स्टिअरिंगजवळच्या छोट्या स्विचमधून जातं, आणि तो आतून वितळतो. हायबीम लावल्यावर थोड्या वेळाने जळका वास येत असेल तर हेच. ६०/५५ चे बल्ब परत टाका आणि रिले (मोठा करंट त्या छोट्या स्विचऐवजी स्वतःमधून नेणारा स्विच) बसवून घ्या, व्होल्टेज पूर्ण मिळालं की तेच बल्ब बऱ्यापैकी उजळ होतात.

जोड बघा. बहुतेक मूळ वायरींच्या रंगावर दुसऱ्या रंगाची बारीक रेघ असते आणि जोड सॉकेटमध्ये असतो. एकसलग रंगाची घरातली वायर, नुसती पीळ देऊन चिकटपट्टी लावलेली, ही नंतरची. उन्हाळ्यात ती चिकटपट्टी वितळून सुटते आणि पावसाळ्यात पीळ हिरवा पडतो. असा जोड कापून, थिंबल (वायरींची टोकं धरणारी धातूची नळी) दाबून, वरून स्लीव्ह गरम करून चढवायची. एका वेळी एकच वायर, आणि प्रत्येक वायरीनंतर चालू करून बघायचं. दहा वायरी एकदम सोडवल्यात तर कुठली कुठे होती ते तुम्हालाच आठवणार नाही.

मल्टिमीटर घ्या, साधा चालतो. गाडी रात्रभर उभी असेल तर बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.४. बॅटरी दोन दिवसांत उतरत असेल तर निगेटिव्ह काढून मध्ये मीटर १० अँपिअरच्या रेंजवर जोडा, सगळं बंद, दरवाजे बंद, आणि हे करताना चुकूनही स्टार्टर मारू नका. इतक्या साध्या गाडीत ५० मिलीअँपिअरच्या आत यायला हवं. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, जो काढल्यावर आकडा खाली येईल त्या लाइनवर चोर आहे. सगळे फ्यूज काढूनही आकडा खाली आला नाही तर बहुतेक वेळा म्युझिक सिस्टिमचा ॲम्प्लिफायर निघतो, बॅटरीवरून थेट, मध्ये फ्यूजच नाही. असं काही ठेवायचंच असेल तर बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज हवा.

अर्थिंग विसरू नका. इंजिनपासून बॉडीला येणारी पट्टी गंजली असेल तर लाइट मंद, स्टार्टर जड, काटे वेडेवाकडे, आणि लोक त्यापायी नवीन बॅटरी घेतात. ती काढा, पत्रा घासून चकचकीत करा, परत कसा. फुकटात गाडी बदलल्यासारखी वाटेल.

पायरी ५ : ते पांढरं बटण

आता मूळ गोष्ट. फॅन आपोआप चालू होण्यासाठी पाण्यात बसवलेला एक थर्मोस्विच असतो, पाणी तापलं की तो फॅन लावतो. माझा थर्मोस्विच काढून मेकॅनिककडे गरम पाण्यात तपासला तर तो चांगला होता! मग फॅन का लागत नव्हता? पाणी कमी होतं म्हणून. स्विच पाण्यात बुडालेलाच नसेल तर त्याला तापलंय हे कळणार कसं. पाणी का कमी होतं? काळजीपूर्वक बघितलं तर रेडिएटरच्या आत पिवळट गाळ, म्हणजे गळती थांबवायला कोणीतरी हळद टाकलेली. हळदीने बारीक भोक बुजतं, पण रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजतात. पुढे थर्मोस्टॅटचं (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेचं) घर उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नाही, नुसतं गॅस्केट. गाडी तापते म्हणून काढून टाकलेला.

आणि या सगळ्याच्या मुळाशी होतं रेडिएटरचं झाकण. त्याचं रबर कडक होऊन तडकलं होतं. झाकण नुसतं झाकायला नसतं, ते आतला दाब धरतं. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, इथे उघड्या पातेल्यातलं पाणी ९८ डिग्रीलाच उकळतं. ०.९ बारचं झाकण दाब धरून असेल तर तेच पाणी ११५ च्या पुढे गेल्याशिवाय उकळत नाही. झाकण गेलं, पाणी उकळून बाहेर जायला लागलं, द्वारका चौकातल्या एका जाममध्ये सुद्धा पातळी खाली येणार. मग बोअरचं पाणी भर, मग गंज, मग भोक, मग हळद, मग थर्मोस्टॅट काढ, मग बटण. प्रत्येकाने आपल्यापुरतं शेवटचं टोक धरलं.

तुम्ही उलट दिशेने जा. थंड इंजिनवर, फक्त थंड इंजिनवर, झाकण उघडा आणि रबर बघा, शंका असेल तर त्याच आकड्याचं नवं टाका. पाण्याचा रंग बघा. रेडिएटर काढून रेडिएटरवाल्याकडून साफ करून दाबाने तपासून घ्या. थर्मोस्टॅट घरी तपासता येतो, पातेल्यात पाणी घेऊन दोऱ्याने अधांतरी लटकवून गॅसवर ठेवायचा, माझ्या गाडीचा ८२ डिग्रीच्या सुमाराला उघडायला लागतो. नाशिकमध्ये थर्मोस्टॅटची काय गरज असं म्हणणारे मेकॅनिक भेटतील. जानेवारीत निफाडकडे सकाळी गाडी काढून बघा म्हणावं, चोक किती वेळ ओढून ठेवावा लागतो आणि ॲव्हरेज किती पडतं. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं, नळाचं किंवा बोअरचं पाणी नाही. हे सगळं झाल्यावर गाडी जागेवर चालू ठेवून फॅन आपोआप लागतो का बघा. दोन-तीनदा लागला आणि बंद झाला, मगच बटण काढा. मी ते अगदी शेवटी काढलं.

पायरी ६ : पत्रा

फ्रिजवरचं मॅग्नेट पातळ फडक्यात गुंडाळा, आधी टपावर लावून बघा म्हणजे चांगला पत्रा कसा धरतो ते हाताला कळेल, मग दरवाजांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, डिक्कीचा तळ. जिथे धरत नाही तिथे खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. थोडी लांबी सगळ्याच जुन्या गाड्यांत असते, घाबरू नका. पण जॅक लावायची जागा, शॉकअप जिथे वर बसतात तो भाग आणि सीट बेल्ट जिथे बॉडीला कसलाय तिथे लांबी किंवा डांबर असेल तर ते गंभीर आहे, तिथला सडका पत्रा कापून नवीन वेल्ड करावा लागतो.

आतलं रेक्झिन पूर्ण उचला. विकणारा गाडी धुऊन चकाचक करून देतो पण रेक्झिनखाली कोणी बघत नाही. खालून डांबर मारलं की गंज थांबतो असं लोक समजतात, गंजावर डांबर मारलं तर ओल आत कोंडते आणि पत्रा अजून लवकर जातो, शिवाय दरवाजाखालची पाणी जायची भोकं त्याच डांबराने बंद होतात. त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात फिरलेली गाडी असेल तर ती भोकं आधी तारेने मोकळी करा.

गाडी पुरात बुडालेली होती का हेही बघा. नाशिककरांना सांगायला नको, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागलं की गोदाकाठच्या गाड्या हलवायची पळापळ होते आणि एखादी राहतेच. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाचा डाग राहतो, तो धुवायचं कोणाच्या लक्षात येत नाही. सीटच्या खालचे रेल आणि हेडलाइटच्या आतला भागही बघा.

पायरी ७ : कागद

हे पटकन. आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः जुळवा. इंजिन बदललेलं असेल आणि आरसीवर चढवलेलं नसेल, किंवा गॅसकिट बसवून आरसीवर नोंद नसेल, तर पेठ रोडच्या आरटीओत पुढच्या वेळी अडणार. पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि तेव्हा गाडी तपासतात. किट काढून टाकलेलं असेल तर त्याचे पाइप, वायरी आणि बॉडीला पाडलेली भोकं मागे राहतात, तीही वहीत लिहा.

पायरी ८ : काम देताना

एका मेकॅनिकला सगळी गाडी देऊन "सगळं बघून घ्या" म्हणू नका. वही घेऊन जा, एका वेळी दोन-तीन कामं सांगा, काढलेले जुने पार्ट परत मागून घ्या. वायरिंग वायरिंगवाल्याकडे, रेडिएटर रेडिएटरवाल्याकडे, पत्रा डेंटरकडे. कोणी म्हणालं की हे असंच चालतं ताई, तर शांतपणे विचारा की मग कंपनीने असं का नव्हतं केलं. चांगला माणूस असेल तर थांबून विचार करतो आणि तिथून पुढे तुमचं जमतं. माझं ज्या मेकॅनिकशी जमलं त्यांनी ती दुमडलेली ब्रेक पाइप कापून गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला अडकवून ठेवलीये, नवीन पोरांना दाखवायला.

एवढी कामं झाली की एका रविवारी सकाळी त्र्यंबकला जाऊन या, जाऊन-येऊन साठेक किलोमीटर होतात. तिथे पोचल्यावर चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात न्या, टेकवू नका, नुसता जवळ न्या. पुढची जास्त गरम असतातच, पण डावं-उजवं सारखं हवं, एकच जास्त भाजत असेल तर तिथे ब्रेक धरून बसलाय. पेट्रोलचा वास घ्या. घरी आल्यावर इंजिन थंड झालं की चाकांचे नट परत एकदा कसा, नवीन स्टड टाकले असतील तर नक्कीच. मग तोच पुठ्ठा, नवीन बाजू वर करून, गाडीखाली सरकवा. सकाळी कोरडा निघाला तर वहीतलं पुढचं पान उघडा.